फोर्स फील्डच्या तक्त्यात रेपियर जिंकतो, शेडमध्ये मात्र साधा मागच. पुढं काय करू?

खर्चीवाल्याची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

आमचा इचलकरंजीत खर्चीचा धंदा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, आम्ही फक्त विणून द्यायचं आणि पिकाच्या, म्हणजे कापडात इंचाला किती आडव्या तारा बसतात त्याच्या, हिशोबानं मजुरी घ्यायची. सोळा साधे माग आहेत. आजोबांनी बांधलेली शेड, वर आमचं घर. पॉपलीन आणि केम्ब्रिक चालतं. एका पाळीला चार विणकर, अशा दोन पाळ्या. शिवाय दोन कांडीवाल्या मावशी (धोट्यातल्या कांडीवर सूत भरणाऱ्या), माग दुरुस्त करणारा एक जॉबर आणि अर्धवेळ दिवाणजी. मी कोल्हापुरात एमबीए केलं, पुण्यात नोकरी केली आणि आता परत येऊन बाबांच्या शेजारी टेबल टाकलंय.

दुखणं असं आहे. साध्या मागावर ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, तार तुटली तर माग थांबत नाही. विणकराची नजर जाईपर्यंत कापडात उभी बारीक रेघ पडत राहते. चार मागांत एक माणूस, त्यात तो तंबाखू मळत असला की झालंच. मग व्यापाऱ्याकडं तपासणीच्या टेबलावर दिव्याखाली ती रेघ दिसते आणि बिलातून पैसे कापले जातात. रेपियर म्हणजे बिनधोट्याचा वेगवान माग, त्यावर प्रत्येक तारेला पिन असते, तार तुटली की पिन पडते आणि मशीन जागच्या जागी उभं. वर वेग दुप्पट-तिप्पट, पन्हा मोठा. आमचा व्यापारी गेली दोन वर्षं ६३ इंची कापड मागतोय, ते आमच्या मागावर निघतच नाही.

म्हणून मी बारा-चौदा साधे माग भंगारात काढून सहा सेकंडहँड रेपियर घ्यायचा विचार मांडला. घरी वाद नको म्हणून कॉलेजात शिकलेलं फोर्स फील्ड अॅनालिसिस वापरलं. मधे बदल लिहायचा, एका बाजूला बदलाला पुढं ढकलणारे जोर, दुसऱ्या बाजूला अडवणारे, प्रत्येकाला १ ते ५ गुण.

पुढं ढकलणारे: व्यापाऱ्याची मोठ्या पन्ह्याची मागणी ५, कापडातल्या दोषांची कपात ४, नवे विणकर मिळत नाहीत ४, सरकारी सबसिडी ४, पिकाची मजुरी वाढत नाही २. एकूण १९.

अडवणारे: कर्ज ५, बाबांचा विरोध ४, कामगारांची मानसिकता ३, शेडची जागा २. एकूण १४.

१९ विरुद्ध १४. तक्ता बाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "छान काढलाय. हप्ता भरायला हे एकोणीस येणार काय?" आणि उठून बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, उतरवून घ्यायला गेले.

त्यानंतर मी जोर वाढवून पाहिला. व्यापाऱ्याला घरी बोलावून त्याच्या तोंडून वदवलं, शेजारच्या गल्लीतल्या ऑटोलूमवाल्याकडं बाबांना नेऊन आणलं, तीन वर्षांच्या कपातीची बेरीज काढून दाखवली. जितकं बोलते तितके बाबा गप्प होतात. जॉबरनं तर परवा विचारलं, "ताई, आमचा हिशोब दिवाळीच्या आधी करणार का नंतर?" मी कुणाला काढणार असं बोललेही नव्हते.

तक्त्यात काय राहिलं? की हे सगळं फक्त परीक्षेत लिहायलाच असतं?

गावभागवाला

ताई, सोपा उपाय. सोळाच्या सोळा भंगारात घाला, शेडला शटर लावा, चार गाळे काढा आणि मोबाईलवाल्यांना भाड्यानं द्या. तार तुटायची भानगड नाही, कामगार नाही, वीजबिल भाडेकरूच्या नावावर. आमच्या गल्लीत तीन कारखान्यांचं हेच झालंय. तक्ता काढायची पण गरज पडली नाही त्यांना.

सायझिंग_आणि_बीम

वरच्या भाऊंचं अर्धं खरं आहे, दुर्दैवानं.

मी सायझिंगमध्ये, म्हणजे ताण्याला खळ लावून बीम भरायच्या धंद्यात आहे, तेवढ्यापुरतं सांगतो. तुमच्या तक्त्यात सबसिडीला ४ गुण आहेत. कोणती सबसिडी? नव्या मशीनरीला मदत देणारी केंद्राची टफ योजना १९९९ ला आली, तिचा शेवटचा अवतार ए-टफ ३१ मार्च २०२२ ला संपला, आणि तीसुद्धा नव्या मशीनला होती, सेकंडहँडला नव्हे. राज्याच्या धोरणात काय बसतं ते वस्त्रोद्योग कार्यालयात जाऊन कागदावर घ्या, एजंटाच्या तोंडचं नको. तोवर तो ४ खोडा. १९ चे १५ झाले.

आता अडवणाऱ्या बाजूला जे लिहिलंच नाही ते. पहिलं, वीज. यंत्रमागाच्या वीजदरात २७ अश्वशक्तीची रेघ आहे. तिच्या आत एक वर्ग, बाहेर दुसरा, सवलतही वेगळी, वर गेलात की मागणी आकाराचं (डिमांड चार्जचं) गणित मागं लागतं. साध्या मागाला एक अश्वशक्तीची मोटर धरा. सोळा माग आणि कांडी मशीन मिळून तुम्ही आज आरामात आत आहात. जुन्या रेपियरला पाचच्या आसपास लागते, मोटरवरची पाटी बघून घ्या. सहा रेपियर म्हणजे ३०. शेडमध्ये दुसरं काहीही न चालवता तुम्ही रेघेबाहेर. बाबांना हे नक्की माहीत असणार, सोळा मागांची बिलं तेच भरतात.

दुसरं, बीम. रुंद मशीनला रुंद बीम लागतं, आणि वेग जास्त म्हणून सूत आणि खळ दोन्ही चांगली लागते. साध्या मागावर जे सूत कसंबसं निघतं ते रेपियरवर दर दोन मिनिटाला मशीन उभं करेल. खर्चीवाल्याच्या हातात सूत नसतं. व्यापारी मोठा पन्हा मागतोय ठीक आहे, पण सूत चांगलं देतो म्हणाला का?

तिसरं, कड. साध्या मागाची कड बंद असते, धोटा बाणा, म्हणजे आडवं सूत, वळवून परत आणतो. रेपियरवर बाण्याची टोकं सुटी राहतात, कडेचा थोडा बाणा कापून वाया जातो. ते वेस्टेज कुणाच्या खात्यावर? आधी ठरवा, नाहीतर रेघेची कपात जाईल आणि कडेची येईल.

पिंपरीकर_निवृत्त

बेटा, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण मी उभी हयात पिंपरी-चाकण पट्ट्यात पर्सोनेल खात्यात काढली आणि असले तक्ते पोत्यानं पाहिले. कन्सल्टंट यायचा, पांढऱ्या फळ्यावर उभी रेघ मारायचा, एकीकडून हिरवे बाण, दुसरीकडून लाल, एक ते पाच गुण आणि जेवणाच्या सुट्टीआधी बेरीज. बेरीज कायम साहेबाला हवी तीच यायची. गुण साहेबच द्यायचे ना.

तुझ्या १९-१४ मध्ये बाबांनी किती गुण दिले? जॉबरनं? शून्य. म्हणजे तो कारखान्याचा तक्ता नाही, तुझ्या मनाचा आहे. चांगला आहे, पण तुझाच आहे.

ज्याच्या नावावर हे खपतं तो कुर्ट लेविन. जन्म १८९०, जर्मनीत मानसशास्त्र शिकवत होता, ज्यू असल्यानं १९३३ मध्ये देश सोडून अमेरिकेला गेला. त्याचं म्हणणं असं की एखादं काम वर्षानुवर्षं एका पातळीला चालतं तेव्हा तिथं शांतता नसते. दोन्ही बाजूंनी जोर लागलेला असतो आणि तो बरोबरीत आलेला असतो. पातळी हलवायची तर एकतर पुढचा जोर वाढव, नाहीतर अडवणारा काढ. दोन्हींनी पातळी हलते. फरक असा की पहिल्या वाटेनं ताण वाढतो आणि दुसरीनं उतरतो. तू व्यापारी आणलास, ऑटोलूम दाखवलंस, कपातीची बेरीज मांडलीस, हे सगळं पहिल्या वाटेचं. बाबा गप्प होत गेले आणि जॉबर हिशोब मागू लागला, तो वाढलेला ताण. तक्ता चुकला नाही, अगदी पुस्तकातल्यासारखा चालला.

आता एक कारखान्याची गोष्ट सांगतो, कारण तीही कापडाचीच आहे. व्हर्जिनिया राज्यात मॅरियन नावाच्या गावी हारवूड कंपनीचा पायजमे शिवायचा कारखाना होता. बहुतेक कामगार बायका, मजुरी नगावर. लेविनचं तिथं जाणं-येणं होतं. तिथली अडचण अशी की काम जरा बदललं की उत्पादन घसरायचं आणि बायका नोकरी सोडून जायच्या. बदल किती मोठा? एका गटाचं काम इस्त्रीचं. आधी अर्धा-अर्धा डझन कपडे पुठ्ठ्यावर रचायचे, आता म्हणे खोक्यात रचा. इतकंच! त्या गटाला बोलावून नवी पद्धत आणि नवा दर सांगितला, शंकांना उत्तरं दिली, झालं. उत्पादन पडलं ते वर आलं नाही, आणि ४० दिवसांत १७ टक्के बायका सोडून गेल्या. दुसऱ्या दोन लहान गटांत सगळ्यांना बसवून, काम कसं बदलायचं आणि नवा दर कसा ठरवायचा ते त्यांच्याशीच बोलून ठरवलं. त्यांचं उत्पादन काही दिवसांत जुन्या पातळीला आलं आणि पुढं १४ टक्के वर गेलं. कुणीही सोडून गेलं नाही. हे कोच आणि फ्रेंच या दोघांनी १९४८ मध्ये छापलं, लेविन त्याआधीच्या वर्षी गेला होता.

लगेच टाळ्या वाजवू नकोस. गट फार लहान होते, सात-आठ जणींचे. पण मला पटलं ते पुढचं. पहिल्या गटातल्या ज्या तेरा जणी उरल्या होत्या त्यांना अडीच महिन्यांनी पुन्हा नव्या कामावर घातलं, या वेळी त्यांना बसवून, विचारून. त्याच बायका, आणि या वेळी त्या लवकर सावरल्या. मग "कामगारांची मानसिकता" कुठं गेली? मानसिकता तीच होती, वागवणं बदललं होतं.

म्हणून तुझ्या तक्त्यातली ती ओळ मला सगळ्यात खटकली. "कामगारांची मानसिकता ३" आणि "बाबांचा विरोध ४". बाबा हा काही जोर नाही, माणूस आहे. त्याला कशाची भीती आहे ते लिही. कामगारांत आठ विणकर, दोन मावशी, एक जॉबर. प्रत्येकाचं नाव लिहून पुढं एकच प्रश्न विचार: रेपियर आल्यावर या माणसाच्या घरात दर आठवड्याला काय जातं, किती जातं? मला इथूनच दिसतंय की मावशींची कांडी जाते, कारण रेपियरला कांडीच लागत नाही, बाणा थेट कोनवरून येतो. आठ विणकरांतले निम्म्याहून जास्त सुटतात. हे खरं नुकसान आहे, गैरसमज नव्हे. मीटिंग घेऊन, पेढे वाटून ते जात नाही. आणि "आम्ही कुणाला काढणार नाही" असं खोटं तर मुळीच बोलू नकोस, तुझा जॉबर तुझ्याआधी आकडेमोड करून बसलाय.

बेरीज काढूच नकोस. प्रत्येक लाल बाणासमोर लिही: हा कुणाचा, खरा की ऐकीव, माझ्या हातात काढता येईल का. जो काढता येत नाही त्याच्यापुढं बदलाचा आकार लहान कर. सहाच रेपियर हवेत असं कुणी सांगितलंय?

शिरोलीचा_टर्नर

ताई, माझे वडील यंत्रमागावर विणकर होते, मी आता सीएनसी मशीनवर आहे. कामगाराच्या बाजूनं थोडं लिहितो.

आमच्याकडं मजुरी ५२ पिकाच्या हिशोबानं, मीटरवर. वडील म्हणायचे, जास्त कापड काढलं की मालक खूश, पण पुढच्या करारात "एवढं निघतंय की" म्हणून दर दाबतात. त्यामुळं सगळे एका बेतानं काढायचे. एखादा नवा पोरगा जोरात चालवायला लागला की चहाच्या टपरीवर त्याची फिरकी घ्यायचे. दोन दिवसांत बेतावर.

पिंपरीकर काका, तुमच्या त्या पायजम्याच्या कारखान्यात पण असंच होतं का?

आणि रेपियर आला की मीटरचा दर जातो, पाळीचा पगार येतो. वडिलांना भीती ह्याची होती. मीटरवर असताना आजारी पडलं तर दोन दिवस जास्त काढून भरून निघायचं. उचल मालकाकडून मिळायची, ती मीटरमधून फिटायची. पाळीच्या पगारात उचल देणार का, किती, हे कुणीच सांगत नाही. तुम्ही आधी हे सांगा, मशीनची माहिती नंतर. मशीन काय, शिकतो की माणूस.

पिंपरीकर_निवृत्त

हो, हुबेहूब. तिथं एक इस्त्रीवाली गटाच्या बेतापुढं जायला लागली, तासाला ५० चा बेत होता, ही ५६ वर गेली. बाकीच्यांनी तिला इतकं टोचलं की ती ४५ च्या आसपास येऊन बसली. पुढं तो गट मोडला, ती एकटी राहिली, आणि चारेक दिवसांत ९० च्या वर गेली. हात तेच होते. तुझे वडील जे करत होते ते आळशीपण नव्हतं, दर वाचवणं होतं.

उचलीचा मुद्दा मला सुचला नसता. बेटा, हा बाण सगळ्यात वर लिही.

खर्चीवाल्याची_लेक

सगळ्यांचे आभार. गावभागवाले भाऊ, तुमचा सल्ला आईला फार आवडलाय, तो विषय बंद करा.

तक्ता नव्यानं मांडला, या वेळी गुण नाहीत. अडवणारी बाजूच आधी घेतली आणि ती बाबांना सांगायला लावली, मी फक्त लिहून घेत होते. "बाबांचा विरोध" या एका ओळीतून तीन गोष्टी निघाल्या. एक, २७ ची रेघ, सायझिंगवाल्या काकांनी सांगितली तीच, शब्दसुद्धा तेच. दोन, व्यापारी पुढचं बिल किती दिवसांनी देईल याचा भरवसा नाही आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला. तीन, जी मला माहीतच नव्हती: माझ्या लहानपणी बाबा एका नातेवाइकाला ऑटोलूमच्या कर्जासाठी जामीन राहिले होते. मशीन बंद पडली, घर गहाण होतं, घर गेलं. बाबांना रेपियरचं वावडं नाही. वरचं घर तारण ठेवणार असाल तर नाही, एवढंच.

मग बँकेत जाऊन सीजीटीएमएसईबद्दल विचारलं. लहान उद्योगांना घर-जमीन तारण न घेता कर्ज देता यावं म्हणून केंद्र सरकार आणि सिडबी या बँकेनं उभी केलेली हमी योजना आहे, २००० सालापासूनची. दरवर्षी हमीची फी लागते. सेकंडहँड मशीनला मॅनेजर साहेब कुरकुरत होते, व्हॅल्युएशन मागितलंय. नाही जमलं तर नवं मशीन, पण कमी.

आकार लहान केला. सहाऐवजी चार रेपियर. चार पंचे वीस, चार साधे माग ठेवायचे त्यांचे चार, कांडी मशीन एक. पंचवीस झाले, रेघेच्या आत. बाबांनी हा हिशोब स्वतः पाकिटाच्या मागं करून बघितला आणि "दिवे-पंखे धरलेस का?" विचारलं. मी याला होकार समजते.

माणसांचं अवघड आहे. आठ विणकरांतले दोघं वय झालं म्हणून यंदा थांबायचं म्हणत होतेच, त्यांचा हिशोब आणि ग्रॅच्युइटी नीट करायची. चौघं राहतात, दोन रेपियरवर, दोन साध्यावर. उरलेल्या दोघांना माझ्याकडं काम नाही आणि तसं त्यांना सांगितलं, दिवाळीच्या बोनससकट आणि दुसरीकडं लागेपर्यंत चालू ठेवून. एक जण चिडून दुसऱ्या दिवशी आला नाही. दुसऱ्यानं विचारलं, रेपियरचं शिकून गेलो तर चालेल का? चालेल म्हटलं. एक मावशी कांडीवर राहतील, दुसऱ्या तपासणीच्या टेबलावर, म्हणजे रेघ व्यापाऱ्याच्या आधी आमच्या दिव्याखाली दिसेल. हे जॉबरनं सुचवलं, मी नाही. उचल पाळीच्या पगारावरही चालू राहणार, किती ते भिंतीवर लिहून लावणार. शिरोलीकर दादा, हे तुमच्यामुळं.

व्यापाऱ्याशी बोलणं अर्धं झालंय. चांगलं सूत देतो म्हणाला, कडेच्या वेस्टेजवर मात्र "बघू" म्हणाला. हा बाण अजून जागेवर आहे आणि तो काढल्याशिवाय मी मशीन उचलणार नाही.

सायझिंगवाले काका, ६३ इंची बीम तुमच्याकडं किती दिवसांच्या पाळीनं मिळेल? आणि पहिला लॉट एकाच बीमचा करून बघितला तर चालेल का?

सायझिंग_आणि_बीम

सध्या आठ-दहा दिवस धरा. एका बीमसाठी सेट लावणं मला परवडत नाही, दुसऱ्या पार्टीच्या सेटला जोडून देईन, त्यांचा आणि तुमचा काउंट (सुताची जाडी) एकच असला तर. व्यापाऱ्याकडून सूत आलं की आधी दोन कोन माझ्याकडं पाठवा, ताकद तपासून सांगतो. आणि वेस्टेजचं लेखी घ्या. चॅलनवर नको, दराच्या कागदावर.